शाळा बंद असताना थेरपी कोणाची जबाबदारी?

भारतात पावसामुळे किंवा उन्हामुळे शाळांना सलग सुट्टी लागली की स्पेशल नीड्स असलेल्या मुलांच्या पालकांमधे एक वाद दरवेळी नव्याने सुरू होतो, २०२० पासून मी तो लांबून ऐकतेय. एक बाजू म्हणते ऑनलाईन का होईना पण थेरपी चालू ठेवा, काहीच नसण्यापेक्षा बरं. दुसरी बाजू म्हणते जो मुलगा समोर बसलेल्या माणसाकडे बघत नाही तो स्क्रीनमधल्या मॅडमकडे काय बघणार, पैसे जातात आणि घरात रडारड होते ती वेगळीच. मग कोणीतरी सांगतं की आईच खरी थेरपिस्ट असते, तिने मनावर घेतलं की सगळं होतं, आणि यावर कोणी काही बोलत नाही कारण आईच्या विरोधात कोण बोलणार? परदेशात राहणाऱ्यांसाठी अजून एक वाक्य असतं, "तुम्हाला काय, तिकडे सरकार सगळं देतं."

मी इंग्लंडमधे राहते. माझा मुलगा ऑटिस्टिक आहे, बोलायला बराच उशिरा लागला. माझ्या मावसबहिणीची मुलगी महाराष्ट्रात वाढतेय, तिला सेरेब्रल पाल्सी (सीपी) आहे. कोविडचा काळ आम्ही दोघींनी एकमेकींना फोन करत काढला, त्यामुळे दोन्हीकडे काय चाललं होतं ते मला बऱ्यापैकी जवळून माहिती आहे, आणि मला वाटतं या वादात सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न कोणी विचारतच नाही. ऑनलाईन की ऑफलाईन हे नंतर बघू. शाळेचं दार बंद झाल्यावर या मुलाच्या थेरपीसाठी उत्तर द्यायला बांधील कोण आहे, हे आधी ठरायला पाहिजे.

आधी त्या "सरकार सगळं देतं" बद्दल. इंग्लंडमधे ज्या मुलांच्या गरजा जास्त आहेत त्यांच्यासाठी ईएचसी प्लॅन नावाचं एक कायदेशीर डॉक्युमेंट असतं, लोकल कौन्सिल ते बनवते, वयाच्या २५ वर्षांपर्यंत चालू शकतं, आणि मुलाला कुठली मदत किती मिळणार ते त्यात लिहिलेलं असतं. २०१४ च्या कायद्याच्या कलम ४२ प्रमाणे त्यात लिहिलेली शैक्षणिक मदत देणं कौन्सिलवर बंधनकारक आहे, नाही दिली तर पालक दाद मागू शकतात. २० मार्च २०२० ला शाळा बंद झाल्या तेव्हा असा प्लॅन असलेली मुलं व्हल्नरेबल, म्हणजे जास्त काळजी घ्यायच्या, गटात धरली गेली, म्हणजे त्यांना शाळेत यायची परवानगी होती. ऐकायला किती छान वाटतं ना! पण प्रत्येक मुलाची रिस्क असेसमेंट करून, घरी सुरक्षित राहू शकतं का ते बघून ठरवायचं होतं, आणि खूप मुलं घरीच राहिली. बरीचशी थेरपिस्ट मंडळी एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेत दुसऱ्या कामांना लावली गेली. आणि १ मे ते ३१ जुलै २०२० या काळात तो कायदाच सैल केला, मदत "द्यायलाच पाहिजे" याच्या जागी "शक्य तेवढे प्रयत्न करायचे" असं झालं. ज्या हक्काच्या भरवशावर आम्ही इथे होतो तो सगळ्यात जास्त गरज होती तेव्हाच पातळ झाला, हे मला आजही चुकीचंच वाटतं. नोव्हेंबर २०२० मधे ऑफस्टेड या शाळा तपासणाऱ्या सरकारी संस्थेनेही म्हटलं की स्पेशल नीड्स असलेल्या मुलांना मोठा फटका बसलाय, त्यात स्पीच थेरपी मिळाली नाही हे खास करून आलं होतं. आणि ज्या मुलांना प्लॅनच नव्हता, शाळेच्या पातळीवर थोडीफार मदत मिळत होती, त्यांचं तर विचारूच नका. अशी मुलं प्लॅन असलेल्या मुलांपेक्षा संख्येने कितीतरी जास्त आहेत.

एक उदाहरण मात्र मी तिकडच्या प्रत्येकाला सांगते. पहिल्या लॉकडाऊनमधे इथे व्यायामासाठी दिवसातून एकदाच बाहेर पडता यायचं. ऑटिस्टिक मुलाला असं चार भिंतीत ठेवणं म्हणजे काय ते ज्याच्या घरात आहे त्यालाच कळेल, बाहेर चालणं ही अशा मुलाची गरज असते, हौस नसते. दोन कुटुंबांनी कायदेशीर नोटीस दिली आणि ८ एप्रिल २०२० ला सरकारने गाईडन्स बदललं, ऑटिझम किंवा लर्निंग डिसॅबिलिटी असलेल्या लोकांना एकापेक्षा जास्त वेळा, गरज असेल तर लांबही जाता येईल असं लिहिलं. हे होऊ शकलं कारण कोणाला विचारायचं ते त्या पालकांना माहिती होतं.

आता तिकडचं. आपल्याकडे कायदे कमी आहेत असं अजिबात नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारचे दिव्यांगत्व धरलेत, आधीच्या १९९५ च्या कायद्यात फक्त ७ होते. शिक्षण हक्क कायद्यात २०१२ मधे बदल होऊन जास्त तीव्र दिव्यांगत्व असलेल्या मुलांना घरी शिक्षण घ्यायचा हक्क मिळाला. बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आहे, जिल्हा पातळीवर लहान वयातच उपचार सुरू करणारी डीईआयसी सेंटर्स आहेत, निरामय योजनेत ऑटिझम, सीपी, बौद्धिक आणि बहुविध दिव्यांगत्व असलेल्यांना १ लाखापर्यंत आरोग्य विम्याचं कव्हर आहे आणि त्यात थेरपीचा खर्चही येतो. माझ्या बहिणीला यातलं निम्मं माहिती नव्हतं, तिला कोणी सांगितलंच नव्हतं. पण समजा सगळं माहिती असतं तरी तिच्या मुलीच्या नावाचा असा एक कागद नव्हता ज्यावर लिहिलंय की हिला आठवड्याला इतकी फिजिओथेरपी, इतकी ऑक्युपेशनल थेरपी, आणि शाळा बंद झाली तर अमुक व्यक्तीने अमुक करायचं. मार्च २०२० मधे शाळा बंद झाली, थेरपी शाळेतच होती म्हणून तीही त्याच दिवशी बंद झाली, आणि शाळेतून नंतर फोन आला तो ऑनलाईन वर्गाची लिंक देण्यासाठी. मुलगी कशी उभी राहतेय हे विचारायला आला नाही.

सीपीमधे थेरपीला सुट्टी देता येत नाही हे ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी थोडं सविस्तर लिहिते. स्नायू आधीच कडक असतात, मूल वाढत असतं, हाडं लांब होतात पण कडक स्नायू त्या वेगाने वाढत नाहीत, त्यामुळे स्ट्रेचिंग, स्प्लिंट (पाय सरळ ठेवणारा आधार) घालणं, रोज ठराविक वेळ उभं राहणं हे थांबलं की सांधे आखडायला लागतात. आखडलेला सांधा नंतर फक्त व्यायामाने सरळ होईलच असं नाही, काही मुलांना प्लास्टर, कोणाला ऑपरेशन लागतं. स्प्लिंटचं पण तसंच, पाऊल वाढलं की लहान पडतो, टोचतो, मूल रडतं आणि घरचे दया येऊन काढून ठेवतात. हे बघणारं कोणीतरी लागतं. शाळेत ते रोज नजरेखाली असतं, घरी आईला कसं कळणार की मूल हट्ट करतंय का स्प्लिंट खरंच लहान झालाय?

बहिणीने शेवटी स्वतः शोधून एक फिजिओ मिळवली, व्हिडिओवर. आणि इथेच मला त्या ऑनलाईनच्या वादाबद्दल बोलायचंय. फिजिओला स्क्रीनमधून मुलीचा पाय हातात घेऊन किती कडक आहे ते कळत नाही, हे खरंच आहे. पण तिने मुलीला व्यायाम करून दाखवायच्या भानगडीत न पडता सगळं लक्ष आजीच्या आणि आईच्या हातांवर ठेवलं. हात कुठे धरायचा, गुडघा दाबायचा नाही, टाच अशी धरा, मोबाईल जरा खाली करा मला दिसत नाहीये, असं. मधल्या दिवसात बहीण छोटे व्हिडिओ पाठवायची, मुलगी पायरी चढतेय, खुर्चीतून उठतेय, आणि फिजिओ ते बघून सांगायची. ऑनलाईन थेरपी मुलावर करायची म्हटलं तर लहान मुलांबाबत ती बऱ्याचदा फसते, पण घरातल्या मोठ्यांना शिकवण्यासाठी वापरली तर खूप कामाची आहे. "स्क्रीन वाईट" म्हणून सरसकट नाही म्हणणाऱ्यांनी हा फरक लक्षात घ्यावा असं मला मनापासून वाटतं.

माझ्याकडे स्पीच थेरपीचंही असंच झालं. थेरपिस्ट परत रुजू झाल्यावर तिने माझ्या मुलाला स्क्रीनसमोर बसवायचा आग्रहच धरला नाही, मला विचारलं की तुमच्या दिवसात रोज न चुकता होणाऱ्या गोष्टी कुठल्या. आंघोळ, मोजे घालणं, कपडे वाळत घालणं. मग त्यातच काम. कपड्यांचे चिमटे मी लगेच द्यायचे नाहीत, हातात धरून थांबायचं, त्याच्याकडे बघायचं, त्याने कुठल्याही प्रकारे मागितलं, आवाज, बोट, चित्र, काहीही, की लगेच द्यायचं. "हे काय आहे, ते काय आहे" अशी परीक्षा घ्यायची नाही, जे चाललंय ते छोट्या वाक्यात बोलायचं आणि वाट बघायची, आपल्याला वाटते त्यापेक्षा जास्त वेळ. भिंतीवर चित्रांचं वेळापत्रक, आधी हे मग ते, कारण शाळेचा ठरलेला दिवस अचानक गायब झाला की या मुलांच्या पायाखालची जमीनच जाते आणि मग मेल्टडाऊन होतात, लोक त्याला वाईट सवय लागली म्हणतात.

आणि तिने हे सगळं मराठीत करा म्हणून सांगितलं. याच्याआधी भारतातून आणि इथूनही कितीतरी लोकांनी सांगितलेलं की मूल बोलत नसेल तर घरी एकच भाषा ठेवा, इंग्लिशच बोला, गोंधळ होतो त्याचा. दोन भाषांमुळे ऑटिझम असलेल्या मुलाचं बोलणं मागे पडतं असं संशोधनात दिसलेलं नाही, आणि आई ज्या भाषेत मोकळेपणाने बोलते ती भाषा काढून घेतली की घरातलं बोलणंच कमी होतं. शाळा बंद होती तेव्हा दिवसभर त्याच्या कानावर मराठीच पडत होतं आणि तो मागायला शिकला तो मराठीत. भारतात इंग्लिश मीडियमच्या नादात याच्या उलट सल्ला आजही सर्रास दिला जातो, थेरपी सेंटरमधेसुद्धा, ते थांबायला पाहिजे.

पण यावरून "बघा, आईच थेरपिस्ट" असं कोणी म्हणणार असेल तर मी अजिबात मान्य करणार नाही. आई हे करू शकली कारण तिच्यामागे एक थेरपिस्ट होती, जी गोल, म्हणजे काय साधायचं ते, ठरवत होती, चुकलं तर सांगत होती, या आठवड्यात व्यायाम कमी करा तुम्ही दमलाय हेही सांगत होती. माझी बहीण एकदा म्हणाली, "अगं, दिवसभर मी तिच्या पायांकडेच बघत असते, तिच्याकडे बघायचं राहूनच जातं." हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. ज्या मुलाच्या आयुष्यात प्रत्येक मोठं माणूस त्याच्याकडून काहीतरी करून घेत असतं, त्याला किमान एक माणूस असा पाहिजे ज्याच्या कुशीत नुसतं पडून राहता येतं. आईला पूर्णवेळ थेरपिस्ट केलं की ते माणूसही गेलं. शिवाय आई म्हटलं की बाबा आपोआप सुटतात, आईने नोकरी सोडायची हे गृहीत, आणि मूल मागे पडलं तर दोषही तिचाच, आईने मनावर घेतलं नाही. या वाक्याने शाळा, सेंटर, सरकार सगळे एका फटक्यात मोकळे होतात, मला राग त्याचा आहे.

तिकडे एक गोष्ट मात्र इथल्यापेक्षा चांगली होती हे सांगितलंच पाहिजे. बहिणीच्या घरात हात होते. आजी शिकली, काका मुलीला उभं करायच्या वेळी गाणी म्हणायचा, चुलतभाऊ तिच्याशी खेळता खेळता तिला हात वर करायला लावायचा. माझ्याकडे कागद होता, मुलाचा ईएचसी प्लॅन, आणि घरात आम्ही दोघंच, त्यातही नवऱ्याचं ऑफिस दुसऱ्या खोलीत चालू. कागद मुलाला मोजे घालत नाही. पण तो होता म्हणून शाळा सुरू झाल्यावर मी रिव्ह्यू मीटिंग मागू शकले, कुठली थेरपी बुडली ती लिहून देऊ शकले, आणि शाळेला उत्तर द्यावं लागलं. सगळं भरून मिळालं नाही, थोडंच मिळालं. अमेरिकेत तर कायद्यातच अशी सोय आहे की लांब सुट्टीत मुलाचं शिकलेलं फार मागे जाणार असेल तर सुट्टीतही थेरपी द्यायची, मूल बघून ठरवायचं.

शाळा बंद होणं काही कोविडपुरतं नाही. ऑगस्ट २०२३ च्या शेवटी इंग्लंडमधे कमकुवत काँक्रीटमुळे १०० हून जास्त शाळांना इमारती किंवा त्यांचे काही भाग ऐनवेळी बंद करावे लागले, भारतात पाऊस, ऊन, प्रदूषण यामुळे सुट्ट्या लागतच असतात. त्यामुळे तिकडे ज्यांचा मुलगा किंवा मुलगी शाळेत आयईपीवर, म्हणजे त्या मुलापुरत्या वेगळ्या शिक्षण आराखड्यावर, आहे त्यांनी वर्षाच्या सुरुवातीच्या मीटिंगमधेच शाळा बंद झाली तर काय याचं एक पान मागावं असं मला वाटतं. त्यात दोन-तीनच गोल लिहा जे काहीही झालं तरी मागे जाऊ द्यायचे नाहीत, दहा लिहिले तर एकही होत नाही. कोण फोन करणार त्या माणसाचं नाव लिहा, शाळा असं नाही, नाव. स्टँडिंग फ्रेम, कम्युनिकेशनची चित्रं, टॅब, जे शाळेत पडून राहतं ते घरी कधी आणि कोण पोचवणार. आई-बाबांनी काय करायचं नाही हेही लिहून घ्या, फिजिओच्या बाबतीत तर नक्कीच. आणि शाळा परत सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात मूल कुठे आहे ते तपासून मगच अभ्यासाकडे वळायचं, कारण बंद काळानंतर परत शाळेत बसणं हेच या मुलांसाठी एक मोठं काम असतं, काहींना आधी थोडे दिवस अर्धा वेळच जमतो.

शाळेकडे याचा फॉर्मॅट नसेल, बहुतेक नसेलच, तर साध्या कागदावर लिहा, तारीख टाका, शाळेची आणि तुमची सही घ्या आणि एक कॉपी घरी ठेवा. मूल शाळेच्या बाहेर सेंटरला जात असेल तर तेच पान सेंटरकडून करून घ्या. माझ्या बहिणीने या वर्षी केलं, आधी शाळा म्हणाली आमच्याकडे अशी पद्धत नाही, ती दोन-तीनदा जाऊन बसली तेव्हा स्पेशल एज्युकेटरने स्वतःचं नाव लिहून दिलं.