‘दुःख स्नायूंत साठतं, ते दाबून बाहेर काढा’: एका फिरत्या सल्ल्याला उत्तर

जुना आघात आणि आखडलेलं अंग यांबद्दलचा एक सल्ला गेली काही वर्षं वेगवेगळ्या रूपांत फिरतो आहे. कधी तो चित्रावर लिहिलेला असतो, कधी मिनिटभराच्या व्हिडिओत कुणी सांगत असतं. मथितार्थ असा: न बोललेलं दुःख स्नायूंत साठून राहतं. सगळ्यात जास्त ते कमरेतल्या सोआस नावाच्या खोल स्नायूत साठतं. जोरजोरात खोल श्वास घेत तो स्नायू ताणला, दाबला की ट्रॉमा, म्हणजे आघात, शरीराबाहेर पडतो. रडू आलं किंवा अंग थरथरलं की समजायचं, काम झालं. गोळ्या आणि समुपदेशन हे वरवरचे उपाय. आणि एवढं करूनही अंग सैल होत नसेल, तर तुम्हीच अजून सोडायला तयार नाही.

मला हे पाठवणाऱ्यांच्या मनात माझ्याविषयी मायाच असते. माझी मान, जबडा आणि ओटीपोट कित्येक वर्षं आवळलेलं आहे, त्यामागे एक जुना आघात आणि अँक्झायटी आहे, हे त्यांना माहीत आहे. तरीही या सल्ल्याला उत्तर द्यायलाच हवं. त्यातला एक भाग खरा आहे आणि त्याच्या आधाराने बाकीचं सगळं गळी उतरवलं जातं.

खरा भाग आधी मान्य करते. भीती आणि आघात यांनी अंग आखडतं, यात कल्पनेचा खेळ काहीही नाही. अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनच्या निदानसंहितेत सततच्या चिंतेच्या विकारासाठी जी सहा लक्षणं दिली आहेत, त्यात स्नायूंचा ताण हे एक आहे. आघातानंतरच्या विकाराचं, म्हणजे पीटीएसडीचं, निदान याच संहितेत 1980 मध्ये आलं. सतत सावध राहणं आणि जरा कशाने दचकणं ही त्याची ओळखीची लक्षणं आहेत. त्यामुळे ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत, टेन्शन घेऊ नका’ असं म्हणून ज्यांना दवाखान्यातून परत पाठवलं गेलं, त्यांना हा फिरता सल्ला जवळचा का वाटतो, हे मला नीट कळतं. निदान कुणीतरी ‘तुमचं दुखणं खरं आहे’ असं म्हणतं.

‘दुःख स्नायूंत साठतं’

इथेच गाडी रुळावरून घसरते. स्नायूचा तंतू आकुंचन पावतो तो मज्जारज्जूतल्या चेतापेशींकडून संदेश आल्यावर. त्या पेशींवर वरून मेंदूचा अंमल असतो: किती ताण ठेवायचा, ताणल्यावर किती चटकन प्रतिक्रिया द्यायची, हे सारं तिथून ठरतं. ऑपरेशनच्या वेळी पूर्ण भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिलं की अंग आखडलेल्या माणसाचे खांदेही ढिले पडतात. औषधाचा अंमल उतरला की ताण पुन्हा हजर. दुःख मांसात साठवलेलं असतं तर असं झालं नसतं. (वर्षानुवर्षं हललाच नाही अशा सांध्याभोवतीच्या ऊती खरोखर आखूड होतात, ती गोष्ट वेगळी. आणि स्नायू दाबून पाहताना हाताला लागणाऱ्या गाठींचं नेमकं स्वरूप काय, यावर संशोधकांत अजून वाद आहे.)

आठवण मेंदूत असते, धोक्याचा अंदाजही मेंदूच बांधतो. स्नायू हुकूम पाळतात. शेजारच्या खोलीत दार आपटतं तेव्हा माझ्या अंगात काय होतं ते मी अनेकदा निरखून पाहिलं आहे. दार आपटलं हे कळायच्या आधीच खांदे वर गेलेले असतात. श्वास अर्धा अडकतो, जीभ टाळूला चिकटते, पायाची बोटं जमिनीला धरून बसतात. खोलीतल्या बाकीच्यांचे खांदेही क्षणभर उडतात, पण ते लगेच खाली येतात. माझे बोटभर वरच राहतात, आणि ते वर आहेत हे मला कितीतरी वेळाने, मान ठणकू लागल्यावर कळतं.

एवढ्याशा ताणाने इतकं दुखतं कसं? स्नायूंतले छोटे गट सगळ्यात आधी कामाला लागतात आणि सगळ्यात शेवटी सुटतात. ताण कमी पण अखंड असेल तर तेच ते तंतू दिवसभर राबत राहतात. यॉरान हेग या स्वीडिश संशोधकाने 1991 मध्ये त्यांना परीकथेतल्या सिंड्रेलाचं नाव दिलं: घरात सगळ्यांच्या आधी उठणारी आणि सगळ्यांच्या नंतर निजणारी. हे अजून गृहीतकच आहे, पण दिवसभरात जड असं काहीही न उचलता संध्याकाळी खांदे भरून येतात, त्याचा उलगडा मला तरी यातून चांगला होतो.

हा भेद शब्दांपुरता नाही. काही साठलेलं असेल तर ते एकदा बाहेर काढलं की संपलं. पण हुकूम क्षणोक्षणी सुटत असेल तर एका दिवसात संपेल असं त्यात काही नाही. तो हुकूम हळूहळू विरळ करायचा असतो, आणि त्याला वेळ लागतो.

‘सोआस हे भावनांचं कोठार आहे’

सोआस शेवटच्या बरगडीजवळच्या मणक्यापासून आणि कमरेच्या मणक्यांपासून निघतो आणि मांडीच्या हाडाच्या आतल्या बाजूला जाऊन चिकटतो. मांडी उचलणं, जिना चढणं, अंथरुणातून उठून बसणं ही त्याची कामं. घाबरल्यावर माणूस पोटाशी पाय घेऊन आक्रसतो, त्यात याचाही हात असतो. त्यापलीकडे या एका स्नायूत भावना साठतात याला पुरावा नाही.

तो पोटाच्या पार मागच्या भिंतीला आहे. त्याच्यापुढे आतडी आहेत, शेजारून मूत्रवाहिनी आणि मोठ्या रक्तवाहिन्या जातात. व्हिडिओ पाहून तिथे कठीण चेंडूवर पालथं पडायचं किंवा कुणाला कोपराने दाबायला सांगायचं, हे मला भयंकर वाटतं. त्याहून मोठी गोष्ट अशी की ज्यांच्यावर लैंगिक अत्याचार झाला आहे, त्यांच्या ओटीपोटाला आणि जांघेला परक्या माणसाने जोराने दाबणं हाच एक नवा आघात ठरू शकतो. हे सांगायला त्या मिनिटभराच्या व्हिडिओत जागा नसते.

‘रडू आलं, थरथर झाली, म्हणजे निघालं’

कुठलाही स्नायू बराच वेळ एकाच अवस्थेत धरून ठेवला की थकून थरथरतो. भिंतीला पाठ टेकून अर्धं बसून राहिलं तर निरोगी खेळाडूच्या मांड्याही लटपटतात. घाबरल्यावर अंगात सुटणाऱ्या अ‍ॅड्रिनलिन या संप्रेरकानेही कापरं भरतं. रडण्याची कारणं आणखी वेगळी: कितीतरी दिवसांनी कुणीतरी हळुवार हात लावलेला असतो, किंवा जुनं काहीतरी अचानक समोर उभं राहिलेलं असतं. रडून हलकं वाटतं ते खरंच असतं, ते मी कुणाकडून हिरावून घेणार नाही.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी जबडा पुन्हा आवळलेला असतो, आणि मग माणूस ठरवतो की कालचं पुरेसं खोल गेलं नाही, आणखी जोर लावायला हवा. त्यात एक मोठी फसगत आहे. भीती झेपेनाशी झाली की काही जण सुन्न होतात, आपण आपल्या अंगात नाहीच असं त्यांना वाटतं. बाहेरून बघणाऱ्याला ही अवस्था शांत दिसते, आणि तिलाच ‘मोकळं झालं’ म्हटलं जातं. मी प्रगती मोजते ती वेगळ्या गोष्टींवर: दचकल्यानंतर खांदे किती वेळात खाली येतात, झोप किती सलग लागते, सकाळी तोंड उघडताना कानाजवळ दुखतं का.

स्ट्रेचिंगविषयीही थोडं. काही आठवडे ताण देण्याने अंग जास्त वाकू लागतं, ते बहुतांशी ताण सहन करायची तयारी वाढल्यामुळे. स्नायू लांब झालेला नसतो. म्हणजे स्ट्रेचिंग उपयोगी आहेच, पण चेतासंस्थेला ‘इथपर्यंत सुरक्षित आहे’ हे शिकवण्यासाठी. दात-ओठ आवळून, कळ सोसत केलेला ताण नेमकं उलटं शिकवतो.

‘जोरजोरात खोल श्वास घ्या’

भराभर, जोराने श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, त्याने रक्तातलं मोकळं कॅल्शियम कमी होतं, ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या येतात, हाताची बोटं ताठ होऊन मनगट आत वळतं. हे शरीरशास्त्रातलं साधं, ठाऊक असलेलं सत्य आहे. काही शिबिरांत हेच ‘अडकलेली ऊर्जा सुटते आहे’ म्हणून सांगतात. आखडलेलं अंग सैल करायला आलेल्या माणसाचे हात आखडून दाखवायचे आणि त्याला इलाज म्हणायचं! संथ श्वास घेऊन उच्छ्वास लांबवणं पुष्कळांना मानवतं. पण श्वासाकडे लक्ष गेलं की ज्यांचा जीव घाबरा होतो, त्यांनी तेही सोडून द्यावं. चालण्यानेही काम होतं.

‘गोळ्या आणि समुपदेशन वरवरचं’

जागतिक आरोग्य संघटनेने 2013 मध्ये ताण आणि आघातासंबंधीच्या विकारांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. पीटीएसडीसाठी त्यात आघातावर लक्ष देणारी सीबीटी (विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी मानसोपचार पद्धत) आणि ईएमडीआर (आघात आठवत असताना डोळे ठरावीक रीतीने हलवायला लावणारी पद्धत) या उपचारपद्धती सुचवल्या आहेत. धोका टळला आहे हे मेंदूला पटलं तर मानेला सुटणारा हुकूमही कमी होतो, म्हणून मला हे उपचार मुळाशी जाणारे वाटतात. चिंतेवरच्या औषधांनी पुष्कळांचं अंग सैल होतं. काहींना त्यातल्याच काही गोळ्यांनी दात आवळायची सवय लागते किंवा वाढते. तसं झालं तर डॉक्टरांना सांगायचं, व्हिडिओ पाहून गोळी एकदम बंद करायची नाही. बेन्झोडायझेपिन गटातली औषधं स्नायू पटकन सैल करतात, पण त्यांची सवय लागते.

आणि सगळंच ट्रॉमावर ढकलू नये. पाय लुळे पडणं, दोन मांड्यांमधला भाग बधिर होणं, लघवी अडणं, चालताना छाती भरून येऊन जबड्यात कळ जाणं: यांपैकी काहीही झालं तर तडक हॉस्पिटल गाठायचं.

‘तुम्हीच सोडायला तयार नाही’

या ओळीचा मला सर्वांत जास्त राग आहे. हाईड आणि बोर्कोव्हेक यांनी 1983 मध्ये नोंदवलं होतं की सतत तणावात असणाऱ्या काही लोकांना सैल व्हायला शिकवताना त्यांची चिंता वाढते. त्यात हट्ट कुठे आला? ज्याच्यावर बेसावध असताना घाव पडला, त्याच्या शरीराला सैल होणं म्हणजे पहारा उठवणं वाटतं. अशा माणसाला डोळे मिटवून ‘सोडून द्या, सोडून द्या’ म्हणत राहिलं तर तो आणखी घट्ट होणारच, आणि वर अपराधीही वाटून घेणार.

एडमंड जेकबसन या अमेरिकी डॉक्टरने 1920 च्या दशकात मांडलेली पद्धत मला यापेक्षा पुष्कळ समजूतदार वाटते. एक लहानसा स्नायूगट आधी मुद्दाम आवळायचा, मग सोडायचा, आणि दोन्हींतला फरक लक्ष देऊन टिपायचा. मी ती बदलून घेतली आहे. डोळे उघडे, पाठ भिंतीला, दार समोर दिसेल असं बसायचं आणि फक्त हातांपासून सुरुवात. ओटीपोटापर्यंत जायची घाई नाही, आणि एखाद्या दिवशी हातावरच थांबलं तरी चालतं. जबड्यासाठी त्याहून सोपं: ओठ मिटलेले, पण वरचे आणि खालचे दात एकमेकांना टेकलेले नाहीत. चावताना आणि गिळताना सोडून दात टेकायला नकोतच, हे कुणीतरी सांगेपर्यंत मला ठाऊक नव्हतं. आताही वाचताना, लिहिताना ते टेकलेले सापडतात. सापडले की सुटे करायचे, एवढंच.

मसाज किंवा फिजिओथेरपी जरूर घ्या. त्याने पुष्कळ बरं वाटतं, आणि बरं वाटायला आघाताची कहाणी सांगावी लागत नाही. फक्त हात लावणाऱ्याला आधी तीन प्रश्न विचारा. मी ‘थांबा’ म्हटलं तर त्याच क्षणी थांबाल का? कुठे हात लावणार ते दर वेळी आधी सांगाल का? माझ्या गोळ्यांविषयी काही सल्ला देणार आहात का? पहिल्या दोन्हींना ‘हो’ आणि तिसऱ्याला ‘नाही’ हे उत्तर आलं नाही, तर पैसे देण्यापूर्वीच उठून या.