नवऱ्याचा विमा उतरवण्यापूर्वी

लफडं मुरलंय, नवरा आपणहून मरायचं नाव घेत नाही आणि आता काहीतरी केलंच पाहिजे, असं तुम्हा दोघांचं ठरलं असेल तर घाई करू नका. आधी 'डबल इन्डेम्निटी' बघा. १९४४ चा, कृष्णधवल, दिग्दर्शक बिली वाइल्डर. कादंबरी जेम्स केनची आणि पटकथेत वाइल्डरच्या जोडीला रेमंड चँडलर. शिकवणीची फी नाही, आणि सगळ्या चुका दुसऱ्यांनी करून ठेवलेल्या.

प्रियकर निवडताना विमा एजंट टाळा. लॉस एंजेलिसच्या फिलिस डीट्रिक्सनबाईंना वाटलं, घरचाच माणूस मिळाला, पळवाटा याला पाठ असणार. वॉल्टर नेफ आला होता गाडीच्या पॉलिसीचं नूतनीकरण करायला. बाईंच्या पायातली साखळी दिसली आणि पॉलिसी राहिली बाजूला. खुनाला अख्खा माणूस लागतो हो, हा घोट्यापाशीच संपला. शिवाय एजंट तो एजंटच. ५० हजार डॉलरवर समाधान मानेल तर शपथ! नवरा रेल्वे अपघातात गेला तर एक लाख, असं कलम त्याला ठाऊक. रेल्वेत माणसं सहसा मरत नाहीत म्हणून कंपनी दुपटीचं औदार्य दाखवते. (हे कलम आपल्या लोकलला लावलं असतं तर कंपनीने पहिल्याच पावसाळ्यात दिवाळं काढलं असतं.)

आता दुप्पट हवं म्हटल्यावर कामही दुप्पट. नवऱ्याचा पाय प्लास्टरमध्ये. त्याला मोटारीतच संपवायचं, मग एजंटाने प्लास्टर आणि कुबड्या घेऊन त्याच्या जागी आगगाडीत चढायचं, शेवटच्या डब्याच्या सज्जात जायचं, तिथे गप्पा मारायला बसलेल्या गृहस्थाला सिगार आणायला पिटाळायचं, उडी टाकायची, आणि खरा मुडदा रुळांवर नेऊन ठेवायचा. एवढं सगळं बिनबोभाट पार पडतं. मग मोटार सुरू होत नाही. तेव्हा निघण्यापूर्वी बॅटरी तपासा; कटाचं काय, तो कुणीही रचतो.

भेटीगाठींसाठी किराणा दुकान उत्तम, असं या दोघांचं मत. डब्यांच्या रांगांमध्ये उभं राहायचं, एकमेकांकडे बघायचं नाही आणि ओठ न हलवता मुडद्याबद्दल बोलायचं. बाई घरातही लावत नसेल असा काळा चष्मा दुकानात लावते, म्हणजे कुणाचं लक्ष जाऊ नये! मध्येच एक ठेंगणी बाई येऊन वरच्या फळीवरचं काहीतरी काढून मागते. नेफ निमूटपणे काढून देतो. खुनी असला तरी शिष्टाचार सोडत नाही.

पण खरा घोळ पोलिसांपाशी होत नाही. पोलीस मजेत असतात. घोळ होतो क्लेम खात्यात, कारण खून हे मुळात कारकुनी काम आहे आणि तिथे बार्टन कीज नावाचा खवट, अपचनाने बेजार झालेला माणूस बसलेला असतो. एडवर्ड जी. रॉबिन्सनने तो असा उभा केलाय की आपल्या ऑफिसातला एखादा जुना हेडक्लार्क आठवून पोटात गोळाच येतो. साहेब म्हणतात, आत्महत्या. कीज त्यांना आत्महत्यांचे तक्ते घडाघडा म्हणून दाखवतो: विषाने किती, उड्या मारून किती. ताशी पंधरा मैलांनी रखडणाऱ्या गाडीतून आजवर एकानेही जीव दिलेला नाही! आणि मग त्याच्या घशाखाली एक साधी गोष्ट उतरत नाही. या माणसाकडे अपघात विमा होता, त्याचा पाय मोडला, तरी त्याने पायाचा क्लेम का केला नाही?

विचार करा. पाय मोडलाय, पॉलिसी चालू आहे आणि माणूस अर्ज करत नाही? याचा अर्थ एकच, पॉलिसी आहे हेच त्या बापड्याला माहीत नव्हतं. गाडीचे कागद म्हणून त्याची सही घेतली होती ना! तेव्हा नवऱ्याला मारायचंच असेल तर आधी त्याच्या पायाचे पैसे मिळवून द्या. हा शोध कीज सांगतो नेफच्याच घरी, आणि त्याच वेळी बाई टपकतात, दाराआड लपतात. दार बाहेर, बोळात उघडणारं आहे म्हणून वाचतात. लॉस एंजेलिसमध्ये अशी दारं बसवत नसत म्हणे, पण तुम्ही भाड्याने घर घेताना बिजागऱ्या बघून घ्या.

सिनेमा आहे, खऱ्यात जमेल, असं वाटत असेल तर न्यूयॉर्कच्या रूथ स्नायडरबाईंची हकिगत ऐका. केनला कथा तिथेच सुचली. १९२७ साल, प्रियकर कॉर्सेट विकणारा, पॉलिसीत दुपटीचं कलम होतंच. घरात दरोडा पडला म्हणाल्या, आणि चोरीला गेलेले दागिने त्यांच्याच गादीखाली सापडले. जानेवारी १९२८ मध्ये सिंग सिंग तुरुंगात दोघांनाही विजेच्या खुर्चीवर बसवलं.

नेफला पैसेही मिळाले नाहीत आणि बाईही. खांद्यात गोळी घेऊन तो मध्यरात्री कुठे जातो? दवाखान्यात नाही, ऑफिसात. खुर्चीवर बसतो, डिक्टाफोन, म्हणजे बोललेलं टिपून घेणारं यंत्र, लावतो आणि सबंध कबुलीजबाब कीजच्या नावे ऑफिस मेमो म्हणून सांगत बसतो. तुमच्यावर ही पाळी आली तर एवढं तरी करा: मजकूर आटोपशीर ठेवा, तारीख घाला, आणि पोच घेतल्याशिवाय जागचे हलू नका.