पाया दिसत नाही म्हणून लिहितोय
सल्लागार अभियंत्यांच्या संघटनेने पूल आणि इमारतींच्या डिझाइनला पुरस्कार दिल्याची बातमी वाचून फार बरं वाटलं. एरवी कोनशिलेवर मंत्री असतात, ठेकेदार असतो. कुठली सळई कुठे वाकवायची हे ठरवणाऱ्याचं नाव शोधूनही सापडत नाही.

पण ३२ वर्षं आरसीसी डिझाइनमध्ये गेली, म्हणून एक गोष्ट आग्रहाने सांगतो. सल्लागार निवडताना आधी गुणवत्ता पाहा, फी नंतर, असं फिडिक ही सल्लागार अभियंत्यांची जागतिक संघटना (स्थापना १९१३, गेंट, बेल्जियम) सतत सांगत आली आहे. आपल्याकडे मात्र अजूनही सर्रास सगळ्यात कमी फी मागणाऱ्या सल्लागारालाच काम मिळतं. मग पहिली कात्री लागते ती माती परीक्षणाला. एका शाळेच्या इमारतीसाठी दोनच बोअर (खालची माती तपासायला पाडलेली खोल भोकं) घेतले होते. खोदकामात एका कोपऱ्यात कडक मुरूम लागला, तर दुसऱ्यात खोलवर काळी माती. ती पाण्याने फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पायाची सगळी ड्रॉइंग्ज नव्याने काढली, काम चार महिने थांबलं, आणि वाचवलेल्या फीच्या कितीतरी पट खर्च वाढला.

विजेत्यांची निवड कशी झाली होती, बोअर किती घेतले होते, हेही छापा ना. तरुण इंजिनिअर ते नक्की वाचतील.