पुनर्वाचन (पहिल्यांदाच)

चूक माझीच. वाचनगटात पुढचं पुस्तक ठरत होतं. रॉबर्ट पिर्सिगच्या ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटारसायकल मेंटेनन्स’चं नाव निघालं आणि मी बोलून गेलो, “वा! माझं हे चौथं वाचन!”

वाचन कसलं, चौथी सुरुवात. दर वेळी एकशेविसाव्या पानाच्या आसपास मी आणि पुस्तक गुण्यागोविंदाने वेगळे होतो. माझ्या प्रतीत तिथपर्यंत पेन्सिलीच्या रेघांचं रान माजलंय; पुढची पानं कोरी करकरीत.

१९७४ सालचं हे पुस्तक. बापलेक मोटारसायकलवरून मिनेसोटाहून कॅलिफोर्नियाला निघतात आणि वाटेत बाप आपल्याला ‘क्वालिटी’ म्हणजे काय ते समजावतो. समजावतच राहतो. १२१ प्रकाशकांनी ते नाकारलं होतं म्हणे. पूर्वी मला त्या प्रकाशकांची कीव यायची. आता त्यांच्यापैकी कुणाशी तरी मन मोकळं करावंसं वाटतं. झेनची माहिती इथे शोधू नका आणि मोटारसायकलींचीही फारशी नको, असं लेखकच सुरुवातीला बजावतो. म्हणजे उरलं काय, तर ‘अँड द आर्ट ऑफ’.

‘क्वालिटी’ला गुणवत्ता म्हणायला आमच्या निवृत्त प्राध्यापक बाईंचा सक्त विरोध. “त्याला दहावीच्या यादीचा वास येतो!” मग ‘गम्प्शन’. त्यावर अख्खी संध्याकाळ गेली. उमेद, धडाडी, खुमखुमी, हुरूप... शेवटी हात वर करून मतदान झालं. हुरूप जिंकला, पण तोवर तो कुणातच उरला नव्हता. बापलेकांचा प्रवास १७ दिवसांत आटोपला होता. आमचा पाचवा महिना चालू होता.

पुस्तकात माकड पकडायचा एक सापळा आहे. पोकळ नारळात भात ठेवायचा. माकड हात घालून मूठ आवळतं. मूठ सोडली तर सुटेल, पण सोडत नाही. हे वाचताना मला उगाचच घाम फुटला. ‘मी हे कधीच पूर्ण वाचलं नव्हतं’, एवढंच तर म्हणायचं होतं. त्याऐवजी शेवटच्या बैठकीच्या आदल्या रात्री मी बोथट पेन्सिल घेऊन बसलो आणि उरलेल्या पानांवर, न वाचताच, चिंतनशील रेघा ओढल्या. मधूनमधून समासात शेरे.

दुसऱ्या दिवशी बाईंनी हात पुढे केला. “बघू तुमची जुनी प्रत. चारदा वाचणाऱ्याच्या खुणा बघण्यासारख्या असतात.”

पान नेमकं शेवटाकडचं उघडलं. समुद्राकाठच्या कड्याजवळ पोरगा रस्त्याकडेला कोसळून आक्रोश करतोय, बापाला काय करावं सुचत नाहीये, आणि समासात माझ्या अक्षरात, “क्या बात है!”

“इथे नेमकं काय भावलं तुम्हाला?”

मी खाकरलो. बाईंनी शेऱ्यावरून अंगठा फिरवला. अंगठा काळा झाला. त्यांनी तो उजेडात धरून नीट पाहिला, आणि माझ्या शेजारच्या काकांनी हळूच आपली प्रत मांडीखाली सरकवली.