‘रनिंग कमी, म्हणजे गाडी नवी’ हा हिशेब कुठे चुकतो

गेल्या आठवड्यात माझ्या धाकट्या बहिणीने मला एक लांबलचक संदेश पुढे पाठवला आणि त्याखाली लिहिले, “दादा, हे वाच. मग मी उद्याच विसार देऊन टाकते.” तिला रोज कामावर जाण्यायेण्यासाठी वापरलेली छोटी एसयूव्ही घ्यायची आहे. एक गाडी तिने पाहून ठेवली होती आणि मनात जी थोडीफार शंका उरली होती, ती या संदेशाने मिटवून टाकली होती. तोच संदेश त्याच दिवशी मला आणखी तिघांकडून आला. त्यातले म्हणणे थोडक्यात असे: रनिंग कमी असेल तर गाडी नवीच समजावी, तिचे वय पाहू नये, गाडी उंच आणि जड असल्यामुळे ती सुरक्षित असते आणि साचलेल्या पाण्यातूनही बिनघोर जाते, फोर-व्हील ड्राइव्ह असेल तर ओल्या रस्त्यावर ती लवकर थांबते, रोजच्या वापराला डिझेलच परवडते, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे ऑइल कधीच बदलावे लागत नाही, आणि इंजिन चालू करून आवाज ऐकला की पुरे, मेकॅनिकला दाखवण्यात पैसे घालवू नयेत.

मी स्वतः बरीच वर्षे वापरलेलीच छोटी एसयूव्ही चालवतो आहे, त्यामुळे या प्रकारच्या गाडीविषयी माझ्या मनात आकस नाही. सीट उंच असल्याने वयस्क माणसांना गुडघे न दुमडता आत बसता येते, खराब रस्त्यावर गाडीचे पोट घासत नाही, मागची सीट पाडली की डिकीत कपाटाचा पल्लासुद्धा मावतो, आणि लांबी बेताची असल्याने गाडी लावायला जागा मिळते. हे सारे खरे आहे. परंतु गाडीचा प्रकार चांगला असणे आणि समोर उभी असलेली गाडी चांगली असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि या संदेशाने नेमकी त्यांचीच गल्लत केली आहे.

सर्वांत आधी रनिंगचा मुद्दा घेतो, कारण बहीण त्याच्याच भरवशावर विसार द्यायला निघाली होती. गाडी नऊ वर्षांची आणि ओडोमीटरवर (गाडी किती धावली ते दाखवणाऱ्या मीटरवर) छत्तीस हजार किलोमीटर. त्याच संध्याकाळी मी तिच्यासोबत गाडी पाहायला गेलो. ब्रेकच्या पेडलवरच्या रबराच्या रेघा शाबूत होत्या, चालकाच्या सीटची बाहेरची कड खचलेली नव्हती, स्टिअरिंगही हाताने घासून गुळगुळीत झालेले नव्हते. आकडा बहुधा खरा होता. मग मी मोबाइलची बॅटरी लावून पुढच्या चाकाशी उकिडवा बसलो. बहुतेक टायरच्या बाजूवर ‘डीओटी’ या अक्षरांनी सुरू होणारी एक ओळ असते आणि तिच्या शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. या टायरवर 2216 होते, म्हणजे 2016 सालचा बाविसावा आठवडा. चारही टायरवर आणि स्टेपनीवर हेच वर्ष होते. नक्षी खोल होती, विक्रेता त्या खोलीत नाणे घालून दाखवत होता, परंतु टायरच्या बाजूवर, रिमच्या थोडे वर, केसासारख्या बारीक भेगांचे जाळे पसरलेले होते. रबर वापरल्याने झिजते, तसे नुसते उभे राहूनही कडक होते आणि भेगाळते. नक्षी कितीही शिल्लक असली तरी सहा वर्षांनंतर टायर बदलावेत असे अनेक मोटार कंपन्या सांगतात, आणि कित्येक टायर कंपन्या दहा वर्षे ही शेवटची मर्यादा मानतात. असा टायर फुटतो तो बहुधा वेगात आणि उन्हात, म्हणजे गाडी सावरणे सर्वांत अवघड असते तेव्हा.

टायरला लागू असलेला न्याय गाडीतल्या कितीतरी वस्तूंना लागू होतो. ज्या इंजिनांत टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनच्या हालचालीशी जुळवून ठेवणारा पट्टा) असतो, त्यांच्या सर्व्हिस बुकात तो बदलण्याची मर्यादा ‘इतके किलोमीटर किंवा इतकी वर्षे, यांपैकी जे आधी होईल ते’ अशी दिलेली असते. संदेश लिहिणाऱ्याने त्यातला पहिला अर्धा भाग वाचला आणि दुसरा सोडून दिला. पुष्कळ इंजिनांत बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि इंजिन उघडल्यावाचून गत्यंतर राहत नाही. (काही इंजिनांत बेल्टऐवजी चेन असते, ती अधिक टिकते, पण तेही इंजिनाचे ऑइल वेळच्या वेळी बदलले असेल तरच.) ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते. ‘डॉट 4’ (ब्रेक ऑइलची एक ठरावीक प्रत) प्रकारच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस असावा लागतो. तेच ऑइल पाणी शोषून बसले की ही किमान अपेक्षा 155 अंशांवर येते. लांब उतारावर ब्रेक तापले आणि हे ऑइल उकळले, तर पेडल दाबल्यावर ते नुसते खाली जाते. ही वेळ यायला गाडी धावलेली असावी लागत नाही, ऑइल जुने असले की पुरते.

शिवाय नऊ वर्षांत छत्तीस हजार म्हणजे दिवसाला सरासरी अकरा किलोमीटरही नाहीत. याचा अर्थ ही गाडी बहुतेक वेळा छोट्या फेऱ्यांसाठीच निघाली असणार. इंजिन पुरते तापण्याआधीच बंद होत राहिले, की त्यात जमलेली वाफ आणि न जळलेले इंधन बाहेर पडत नाही, ते ऑइलमध्ये मिसळते. म्हणून माझे मत असे आहे की दर वर्षी दहा-बारा हजार किलोमीटर धावलेली आणि प्रत्येक सर्व्हिसची पावती असलेली गाडी, कोपऱ्यात उभ्या राहिलेल्या ‘कमी रनिंग’च्या गाडीपेक्षा रोजच्या वापराला अधिक भरवशाची असते.

हे सगळे आकडा खरा आहे असे धरून झाले. तो खरा असतोच असे नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा संस्थेचा अंदाज असा आहे की एकट्या त्या देशात दर वर्षी 4,50,000 हून अधिक गाड्या खोट्या ओडोमीटर-आकड्यासह विकल्या जातात. डिजिटल ओडोमीटर मागे फिरवता येत नाही, हा समजही बाळगू नये. योग्य उपकरण जोडले की तो आकडा बदलता येतो. त्यामुळे आकडा सर्व्हिसच्या पावत्यांवरील तारखांशी आणि किलोमीटरशी ताडून पाहावा. तीस हजारांचा आकडा आणि पुसून गुळगुळीत झालेले क्लचचे पेडल एका गाडीत नांदत नाहीत.

आता उंचीचा मुद्दा, ज्यात अर्धे सत्य आहे आणि ते मला मान्य करावे लागते. दोन गाड्या समोरासमोर धडकल्या तर जड गाडीतल्या माणसांना सामान्यतः कमी इजा होते, हे भौतिकशास्त्र आहे. पण उंचीने मिळते ते उलटेच. गाडी उलटण्याचा धोका मोजण्यासाठी वर उल्लेखलेली तीच संस्था एक साधे गुणोत्तर वापरते: डाव्या-उजव्या चाकांमधील अंतराच्या निम्म्याला गाडीच्या गुरुत्वमध्याच्या उंचीने भागायचे. उत्तर जितके मोठे, तितकी गाडी स्थिर. तिच्या नोंदींप्रमाणे बहुतेक मोटारींचे हे गुणोत्तर 1.30 ते 1.50 च्या दरम्यान असते, तर उंच एसयूव्ही, पिकअप आणि व्हॅन यांचे साधारण 1.00 ते 1.30. म्हणजे तेच वळण, तोच वेग, आणि तरी उंच गाडी कलंडायला कमी निमित्त पुरते.

ही उणीव ज्याने मोठ्या प्रमाणात भरून काढली त्याचे नाव इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल. गाडी घसरू लागली की ही यंत्रणा नेमके हवे ते चाक स्वतः ब्रेक लावून आवरते. अमेरिकेत 2012 च्या मॉडेलवर्षापासून सर्व हलक्या वाहनांना आणि युरोपीय संघात नोव्हेंबर 2014 पासून सर्व नव्या मोटारींना ती सक्तीची झाली. अन्यत्र, आणि त्याआधीच्या गाड्यांत, ती आहे की नाही हे गाडीगणिक पाहावे लागते, कित्येकदा एकाच मॉडेलच्या वरच्या श्रेणीत असते आणि खालच्या श्रेणीत नसते. तपासणे अगदी सोपे आहे. चावी फिरवल्यावर डॅशबोर्डवर इतर दिव्यांसोबत, मागे नागमोडी रेघा असलेल्या गाडीच्या चित्राचा दिवा क्षणभर लागतो आणि विझतो. तो लागतच नसेल, तर बहुधा यंत्रणा नाही किंवा कोणीतरी दिवा काढून बिघाड लपवला आहे. वापरलेल्या उंच गाडीत सनरूफ आणि मोठा स्क्रीन यांच्याआधी हा दिवा शोधावा, असे मी बहिणीला बजावून सांगितले. एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाके अडकू न देणारी यंत्रणा) आहे म्हणजे हेही आहे, असे मात्र समजू नये.

आणि पाण्यातून बिनघोर जाण्याविषयी: कृपा करून हे वाक्य कोणालाही पुढे पाठवू नका. अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेचा इशारा आहे की वेगाने वाहणारे 12 इंच पाणी बहुतेक मोटारींना वाहून नेऊ शकते आणि 2 फूट पाणी एसयूव्ही व ट्रकनाही. पाणी साचलेले असले, वाहते नसले, तरी गाडीचे पोट किती उंच आहे याला महत्त्व नाही. इंजिनाला हवा ओढणारे तोंड किती उंच आहे याला आहे, आणि छोट्या एसयूव्हीत ते पुष्कळदा पुढच्या दिव्याच्या (हेडलाइटच्या) मागेच असते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही; ते सिलिंडरमध्ये शिरले की पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो.

फोर-व्हील ड्राइव्हने गाडी लवकर थांबते, हे साफ चूक आहे. ब्रेक प्रत्येक मोटारीच्या चारही चाकांना असतात. फोर-व्हील ड्राइव्ह इंजिनाची ताकद चारही चाकांना वाटते, एवढेच तिचे काम. चिखलातून, बर्फातून, निसरड्या चढावरून गाडी बाहेर काढायला ती खरोखर उपयोगी पडते, आणि ज्यांचा रोजचा रस्ता तसा आहे त्यांनी ती जरूर घ्यावी. थांबण्याचा प्रश्न मात्र टायरच्या पकडीचा आहे, आणि सहज उचलणारी गाडी चालकाला रस्ता किती निसरडा आहे हे कळूच देत नाही. इतरांनी हेही लक्षात ठेवावे की तिचे वजन जास्त, अ‍ॅव्हरेज कमी, मागच्या डिफरन्शियलचे (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरपेटीचे) ऑइल वेगळे बदलावे लागते, आणि बहुतेक अशा गाड्यांत चारही टायर जवळपास सारखे झिजलेले असावे लागतात, नाहीतर पुढची-मागची चाके जोडणाऱ्या मधल्या कपलिंगवर कायम ताण येतो.

डिझेलचे बोलायचे तर रोज हायवेवर लांब जाणाऱ्याला ते परवडते. अलीकडच्या डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी धरणारी जाळी असते आणि ती काजळी जाळायला साधारण 600 अंशांचे तापमान काही मिनिटे टिकावे लागते. दहा किलोमीटरच्या फेरीत ते होत नाही, जाळी तुंबते, आणि ती बदलण्याचा खर्च इंधनात वाचवलेले सगळे गिळतो. ऑटोमॅटिकच्या ‘कधीच न बदलायच्या’ ऑइलला तर उत्तर खुद्द गिअरबॉक्स बनवणाऱ्यांनीच दिले आहे: झेडएफ ही कंपनी आपल्या गिअरबॉक्सचे ऑइल 80,000 ते 1,20,000 किलोमीटरला, किंवा उशिरात उशिरा आठ वर्षांनी बदलण्याची शिफारस करते.

उरला मेकॅनिकला न दाखवण्याचा सल्ला, आणि मला सर्वांत जास्त राग याचा आला, कारण बाकीच्या सगळ्या चुका जिथे उघड झाल्या असत्या तेच दार तो बंद करतो. इंजिनाचा आवाज ऐकायचाच असेल तर तो थंड इंजिनाचा ऐकावा. आम्ही पोचलो तेव्हा गाडी चालूच होती आणि बॉनेटवर हात ठेवला तर तो चटका देत होता. सैल झालेल्या चेनची खडखड, धुराड्यातून पहिल्या मिनिटात निघणारा निळसर धूर, अडखळणारे आयडलिंग, हे सारे गरम इंजिनात लपून जाते. गाडी लिफ्टवर चढवल्याशिवाय चाकांना ताकद पोचवणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टचे फाटलेले रबरी बूट, गळणारे सील आणि अपघातानंतर केलेले वेल्डिंग दिसत नाही. पाण्यात बुडालेली गाडी ओळखायला सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बाहेर काढावा लागतो. आत गुंडाळलेल्या भागावर मातकट डाग असेल तर बाकी काही पाहण्याची गरज नाही. गाडीच्या संगणकाला स्कॅनर लावला तर त्यातल्या बिघाडांच्या नोंदी कालच पुसल्या आहेत का, हेही कळते, कारण नोंदी पुसल्यावर गाडीच्या काही स्वयंतपासण्या अपूर्ण दाखवतात.

बहिणीने त्या गाडीला मेकॅनिककडे नेण्याची परवानगी मागितली, तेव्हा विक्रेत्याने दुसरे गिऱ्हाईक थांबले असल्याचे सांगितले आणि टायमिंग बेल्टची पावती दाखवता आली नाही. तिने विसार दिला नाही. आता ती एक पेट्रोलची, फक्त पुढच्या चाकांना ताकद देणारी, त्या नागमोडी रेघांचा दिवा असलेली गाडी पाहते आहे. रनिंग सत्तर हजार आहे आणि मालकाने पावत्यांचे अख्खे पाकीट सांभाळले आहे. रविवारी सकाळी आम्ही जाणार आहोत, आणि आम्ही येईपर्यंत इंजिन चालू करू नका असे तिने त्यांना आधीच कळवून ठेवले आहे.