सशांचा फडशा एकटा लिंक्स पाडत नाही

हडसन्स बे या कॅनडातल्या फर-व्यापारी कंपनीच्या कातड्यांच्या नोंदींवरून काढलेला, ससे आणि लिंक्स (एक मोठं रानमांजर) यांच्या चढउताराचा आलेख पुन्हा फिरतोय. सोबत दावा: कॅनडात साधारण दर दहा वर्षांनी स्नोशू जातीचे ससे घटतात, ते केवळ लिंक्समुळे. हे अर्धसत्य आहे. ससे संपले की लिंक्सची उपासमार होते, एवढं बरोबर. पण सशांवर कायोटी (लांडग्यासारखा प्राणी), घुबडं, ससाणेही टपलेले असतात. कॅनडाच्या युकॉन प्रदेशातल्या क्लुएन भागातल्या प्रयोगात (१९८६ ते १९९४) कुंपणाने सस्तन शिकारी रोखले, तेव्हा ससे सुमारे दुप्पट झाले. जादा खाद्य दिल्यावर तिप्पट. दोन्ही एकत्र केलं तर चक्क अकरापट! म्हणजे नुसती बेरीज नव्हे. शिवाय शिकाऱ्यांच्या सततच्या धास्तीने माद्यांची पिल्लंही कमी होतात. आलेखात ते दिसणार कुठून?