'विषयच काढू नका' हे नाही पटलं

लैंगिक अत्याचार झालेल्या मुलांबद्दलच्या एका लेखात लिहिलंय की मुलाला झालेलं विसरू द्या, घरात तो विषयच काढू नका. आम्ही माझ्या भाचीच्या बाबतीत नेमकं हेच केलं आणि चुकलो. आठ वर्षांची होती, टीव्हीवर तसली बातमी लागली की आम्ही चॅनेल बदलायचो, ती खोलीत आली की सगळे गप्प, आणि एक दिवस वेणी घालताना मला विचारते, मावशी, आई माझ्यावर चिडलीये का? म्हणजे आमच्या गप्प बसण्याचा अर्थ तिने असा लावला होता की चूक तिचीच. नंतर कौन्सेलर ताईंनी सांगितलं की खोदून विचारू नका पण ती बोलली तर हातातलं काम ठेवून ऐका आणि तुझी काही चूक नव्हती हे शंभरदा सांगावं लागलं तरी सांगा. अंथरूण ओलं व्हायला लागलं होतं परत, त्यावरूनही रागावायचं नाही.

अजून एक, लेखात सपोर्ट पर्सनचा उल्लेखच नाही. पॉक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या, 2020 च्या नियमांत आहे की बाल कल्याण समिती मूल आणि पालकांच्या संमतीने असा माणूस देऊ शकते, तो तपासापासून कोर्टापर्यंत सोबत असतो. आम्हाला हे कुणी सांगितलंच नाही, कित्येक महिने तारखांना आम्हीच एकटे धावत होतो. जबाब घरी घेता येतो, पोलिसांनी युनिफॉर्ममध्ये यायचं नसतं, हेही उशिराच कळलं. कुणाला गरज लागली तर 1098 या चाइल्ड हेल्पलाइनवर फोन करा, तिथूनही मदत मिळते.